दिलगिरी आमच्या नावाने नको : मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीचा एक पासधारक. बँकेत कॅशियर होतो, आता निवृत्त आहे. पण मुलगी भायखळ्याला राहते आणि नातवाला शाळेतून आणायची पाळी माझ्याकडे आहे, म्हणून पास अजून सुटलेला नाही. मुंबईकडे जाताना तीस-बत्तीस वर्षं मी पहिल्याच डब्यात चढतो. गर्दी तिथंही तेवढीच, पण सवय. मोटरमनच्या केबिनची पाठभिंत ती आमची टेकायची भिंत. पलीकडून गार्डची घंटा दोनदा वाजली की गाडी सुटणार, हे आम्हाला चाक हलायच्या आधी कळतं. (हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायचं, हे ठाऊक आहे. डब्यात अजून गार्डच म्हणतात.) इतक्या वर्षांत त्या भिंतीपलीकडच्या माणसाशी माझं एक अक्षर बोलणं झालेलं नाही. तो कोण, कुठला, रात्री झोपला होता की नाही, काही माहीत नाही.

पत्राचं कारण एक वाक्य आहे. ‘प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ पाऊस असो, ओव्हरहेड वायर असो, सगळ्याला हे वाक्य चालतं. मोटरमन आणि प्रशासन यांचं बिनसलं की तेव्हाही हेच. त्या दिवशी मात्र आणखी एक गंमत होते. प्रशासन म्हणतं, मोटरमननी प्रवाशांना वेठीस धरू नये. संघटना म्हणते, आमचं भांडण प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच आहे. दोघांच्याही तोंडी मीच. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून न विचारताच सांगतोय.

१० फेब्रुवारी २०२४ चा शनिवार आठवून पाहा. आदल्या दिवशी भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या मध्ये रूळ ओलांडताना तुमच्याच एका मोटरमनचा गाडीखाली मृत्यू झाला होता. कल्याणला अंत्यसंस्कार होते. सहकारी तिकडे गेले, जादा ड्युटीला कुणी उभं राहिलं नाही आणि लोकलच्या फेऱ्यांमागून फेऱ्या रद्द झाल्या. लाल सिग्नल ओलांडल्याच्या प्रकरणात काय कारवाई होणार या धास्तीत तो होता, असं सहकारी सांगत होते. मृत्यू कशामुळे झाला याचा निवाडा मी करणार नाही. तो माझा अधिकार नाही आणि त्या घरातल्या माणसांच्या दुःखावर मत देण्याइतका मी निर्लज्जही नाही. मला त्या दिवसाची वेगळीच गोष्ट खटकली. कुणी संपाची नोटीस दिली नव्हती. माणसं एका मयताला गेली, एवढंच. आणि तेवढ्यानं वेळापत्रक आडवं झालं.

ऑगस्ट २०१८ मध्येही असंच झालं होतं. ठरलेली ड्युटी करू, ओव्हरटाइम करणार नाही, इतकंच मध्य रेल्वेचे मोटरमन म्हणाले आणि गाड्या रद्द व्हायला लागल्या. रिकाम्या जागा हे तेव्हाचंही गाऱ्हाणं होतं, सिग्नलच्या शिक्षा हेही. रनिंग स्टाफच्या कामाला पंधरवड्याला १०४ तासांचं माप आहे, त्यावरचे तास ओव्हरटाइमचे. ओव्हरटाइम म्हणजे अडीअडचणीला मारलेला टेकू. तुमच्या रोजच्या अठराशेच्या वर फेऱ्या त्या टेकूवर किती उभ्या आहेत, ते आम्हाला कधीच सांगितलं जात नाही. नवीन वेळापत्रक येतं तेव्हा ‘इतक्या फेऱ्या वाढल्या’ हे ठळक छापून येतं. त्या चालवायला माणसं किती वाढली, हे येत नाही. मोटरमन काही रस्त्यावरून उचलला आणि केबिनमध्ये बसवला असा मिळत नाही. आधी मालगाडी-शंटिंगचा अनुभव, मग मानसशास्त्रीय चाचणी, डोळ्यांची कडक तपासणी, मार्गाची ओळख. आज जागा रिकामी झाली तर ती भरणारा माणूस काही वर्षांपूर्वीच तयारीला लागलेला असावा लागतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. मग वाढलेल्या फेऱ्यांचे पेढे वाटताना हे कुणाच्याच कसं लक्षात येत नाही?

आता लाल सिग्नलकडे येतो, कारण सगळ्या भांडणाचा गाभा तिथं आहे.

आमच्या डब्यातल्या बहुतेकांना वाटतं, लाल म्हणजे थांबायचं आणि हिरवा म्हणजे जायचं, त्यात अवघड ते काय? मलाही वाटायचं. पण आपल्या मेन लाइनवर एकामागून एक ऑटोमॅटिक सिग्नल आहेत. हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. पुढची गाडी तीन-चार मिनिटांवर असते. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर नियमच सांगतो, थांबा, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघा, मग अगदी सावकाश पुढे जा. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे स्टेशनाच्या केबिनमधून चालवला जाणारा सिग्नल असेल तर परवानगीशिवाय तसूभरही पुढे जायचं नाही. सीएसएमटी आणि कल्याण धरून स्लो गाडीची २६ स्टेशनं. मागे बारा डबे, गर्दीच्या वेळी त्यात चार हजारांवर माणसं. समोर रूळ ओलांडणारे लोक. २०२४ या एका वर्षात मुंबईच्या लोकल मार्गांवर अडीच हजारांच्या जवळपास माणसं मेली, त्यात सगळ्यांत जास्त रूळ ओलांडताना. त्यातली कितीतरी माणसं शेवटची कुणी पाहिली असतील, तर ती केबिनमधल्या या एकट्या माणसानं. ब्रेक मारूनही गाडी थांबणार नाही हे कळल्यावरचे ते दोन-चार सेकंद त्याचे. आणि त्यानंतर पुढचं स्टेशन, पुढचा सिग्नल.

अशा कामात चूक होते. चालत्या गाडीनं लाल सिग्नल ओलांडला की तुमच्या कागदावर ‘स्पॅड’ लिहिलं जातं. काही झालेलं नसलं, कुणाला ओरखडा आलेला नसला, तरी मोटरमनला गाडीवरून काढतात, चौकशी लागते आणि नोकरी जाईपर्यंत मजल जाऊ शकते. लाल सिग्नल ओलांडणं किरकोळ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्या भिंतीला टेकून मीच उभा असतो. म्हणूनच विचारतो, या शिक्षेनं मी जास्त सुरक्षित होतो का?

इथं थोडं बँकेचं सांगतो. मी ज्या शाखेत लागलो तिथं कॅश कमी आली की कॅशियरनं खिशातून भरायची आणि वर मेमो घ्यायचा, असा खाक्या होता. परिणाम काय झाला? आम्ही सगळे लबाड झालो. एखाद्या दिवशी शंभर रुपये जास्त आले तर ते दाखवायचे नाहीत, ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवायचे, कमी येतील त्या दिवशी घालायचे. हिशेब रोज चोख. वरचे साहेब खूश. पुढे एक वेगळ्या स्वभावाचे मॅनेजर आले. म्हणाले, कमी-जास्त जे येईल ते त्याच दिवशी सांगा, पहिल्या वेळेला कुणाला काही होणार नाही. महिन्याभरात कळलं की एका नोटा मोजायच्या मशीनमधून चिकटलेल्या दोन नोटा एक म्हणून जात होत्या. वर्षानुवर्षं आम्ही त्या मशीनचा दंड भरत होतो! ड्रॉवरच्या कोपऱ्यांमुळे ते कुणाला दिसलंच नव्हतं.

बँकेत फार तर पैसे जातात. रेल्वेत काय जातं हे जपाननं पाहिलं आहे. २५ एप्रिल २००५ च्या सकाळी आमागासाकी शहरात जेआर वेस्टची लोकल वळणावर रुळांवरून उडून एका इमारतीत घुसली. चालकासह १०७ माणसं गेली. चालक २३ वर्षांचा. आधीच्या स्टेशनावर त्याची गाडी फलाटाच्या पुढे गेली होती आणि जेमतेम दीड मिनिट उशीर झाला होता. तिथं अशा चुकांसाठी ‘दिवसपाळीचं प्रशिक्षण’ नावाचा प्रकार होता. नाव प्रशिक्षण. प्रत्यक्षात चुकीवर निबंध लिहीत बसणं, साहेबांची बोलणी खाणं, गवत उपटणं. या मुलाला ते आधी एकदा १३ दिवस भोगावं लागलं होतं. त्या सकाळी त्यानं गार्डला विनवलं, गाडी किती पुढे गेली ते जरा कमी करून सांग. गार्ड वायरलेसवर नियंत्रण कक्षाला ते कमी करून सांगत होता आणि पुढे हा तेच कान देऊन ऐकत होता, असा तपास समितीचा निष्कर्ष. वळण ताशी ७० किलोमीटरचं. गाडी ११६ वर होती. ब्रेक उशिरा लागला.

जपानी माणूस शिस्तीत कमी पडला असं म्हणायची सोय नाही. शिस्तीचा धाकच त्याच्या कानात बोलत होता.

लंडनचं उदाहरण वेगळ्या अंगानं महत्त्वाचं आहे. ५ ऑक्टोबर १९९९ ला पॅडिंग्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळून ३१ जण मेले. तिथला एसएन १०९ हा सिग्नल नवख्या चालकानं लाल असताना ओलांडला होता. चौकशीत निघालं की त्याच सिग्नलला आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा असंच झालं होतं. आठ वेळा एकाच ठिकाणी चूक होत असेल तर चूक कुठं शोधायची? माझ्या बँकेतल्या त्या मशीनसारखंच.

म्हणून महोदय, माझी पहिली मागणी साधी आहे. गेल्या दहा वर्षांत मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावर कुठल्या सिग्नलला किती वेळा स्पॅड झाला, याची सिग्नलवार यादी जाहीर करा. मोटरमनचं नाव नको. सिग्नलचा क्रमांक, जागा, वेळ आणि त्या मोटरमनची त्या दिवशीची ड्युटी किती तासांची झाली होती, एवढंच. ती ड्युटी ओव्हरटाइमची होती का, तेही. एकाच सिग्नलपाशी दोन-तीनदा झालेलं असेल तर मोटरमनला शिक्षा करण्याआधी तिथं कुणीतरी जाऊन उभं राहून बघितलं का, ते सांगा. झाडाची फांदी, खांब, वळण, शेजारच्या लाइनच्या सिग्नलचा घोटाळा, उगवतीचा उजेड, काहीही असू शकतं.

तुम्ही म्हणाल, मोटरमनना काही सांगायचं असेल तर त्याला पद्धत आहे. पर्मनंट निगोशिएटिंग मशिनरी, म्हणजे प्रशासन आणि युनियन यांच्या वाटाघाटींची कायमची व्यवस्था, १९५२ पासून चालू आहे, मान्यताप्राप्त युनियन आहेत. खरं आहे. पण त्या टेबलावर कारकून, फिटर, ट्रॅकमन सगळ्यांचे प्रश्न एका गठ्ठ्यात येतात आणि एकट्या मोटरमनांच्या संघटनेला तिथं खुर्ची नसते. खुर्ची नसली की माणूस दारावर लाथ मारतो. इतिहास काढून बघा. ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिन चालवणाऱ्यांच्या संघटनेनं मोठ्या युनियनांना वळसा घालून संप केला तेव्हा कुठं सलग दहा तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, हे सरकारनं कबूल केलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात, ८ ते २७ तारखेपर्यंत, जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप झाला, तो तर सगळ्यांना माहीत आहे. त्या मागण्यांतही आठ तासांचा दिवस होताच. १९८१ मध्ये संपावर गेलेल्या लोको रनिंग स्टाफला चौकशी न करता बडतर्फ केलं गेलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यांना परत घेण्याचा निकाल लागायला १९९३ उजाडलं.

आणि मे २०१०. तो दिवस आमच्या पिढीतला कुणी पासधारक विसरणार नाही. ३ तारखेला दोन्ही रेल्वेच्या मोटरमनांचं वेतनश्रेणीसाठी उपोषण, ४ तारखेला लोकल जवळजवळ ठप्प. राज्य सरकारनं एस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांत संपबंदीचा कायदा, लावला आणि शेवटी मिटवलं आर. आर. पाटलांनी. रेल्वे केंद्राची, मोटरमन केंद्राचे आणि तडजोड करायला राज्याचे गृहमंत्री! आबांचं कौतुक आहे, पण तुमच्या खात्याचं त्यात काय राहिलं, हे तुम्हीच बघा.

संघटनांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, आणि ते गोड नाहीत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांतून माणसं खाली पडून मेली. त्या प्रकरणात अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला म्हणून ६ नोव्हेंबरला ऐन संध्याकाळी सीएसएमटीला आंदोलन झालं आणि गाड्या अडल्या. कंटाळलेले लोक उतरून रुळांवरून चालायला लागले. सँडहर्स्ट रोडजवळ त्यांच्यावर लोकल आली. दोघांचा जीव गेला. गुन्हा योग्य की अयोग्य हे कोर्ट ठरवील. पण पावणेसहाला गाडी अडवली तर लोक रुळांवर उतरतात, हे या शहरात कुणालाच नवीन नाही. तुमच्या मागण्या रास्त असतील, तरी त्या संध्याकाळी घरी न पोचलेल्यांच्या घरच्यांना तुम्ही कुठली दिलगिरी ऐकवणार? तिकीट न तपासता, पास न बघता गाड्या चालू ठेवून आंदोलन करता येतं का, याचा तरी एकदा विचार करा.

आम्हा प्रवाशांचंही सोवळं नाही. जानेवारी २०१५ मध्ये दिव्याला गाड्यांवर दगड पडले, मोटरमनना मारहाण झाली, आणि मग त्यांनी गाड्या चालवायला नकार दिला तर आम्हीच त्यांच्या नावानं खडे फोडले.

आता केबिनमध्ये कॅमेरे आले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डानं एका समितीच्या शिफारशी मान्य केल्या. त्यात म्हटलं होतं की केबिनमधल्या रेकॉर्डिंगनं खासगीपणाचा भंग होत नाही, आणि लोको पायलटना जेवणासाठी व नैसर्गिक विधीसाठी नियमानं ठरावीक वेळ देणं व्यवहार्य नाही. एकाच कागदात या दोन ओळी वाचल्या आणि मला हसावं की रडावं कळेना. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, मी प्रवासी आहे. बघा त्याच्याकडे, जरूर बघा. पण बघताना तो डुलकी घेतोय का एवढंच नका बघू, किती वेळ लघवी दाबून बसलाय तेही दिसत असेल. १९८९ मध्ये साताऱ्याच्या सुरेखा यादव, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, या कामात आल्या, त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. बायका गाड्या चालवतात, याचे फोटो तुम्ही अभिमानानं लावता. त्यांच्या ड्युटीत स्वच्छतागृहाला किती मिनिटं धरलेली असतात?

बाकी मागण्या थोडक्यात. ज्या स्पॅडमध्ये कुणाला इजा नाही, दारू नाही, मोबाइल नाही, तिथं थेट नोकरीवर घाला घालू नका. आधी प्रशिक्षण, मग पुन्हा गाडीवर. मोटरमनला आपली चूक किंवा हुकता हुकता राहिलेला अपघात नाव न सांगता कळवता येईल, अशी एक खिडकी ठेवा, आणि ती त्याच्याच साहेबाच्या टेबलावर उघडणारी नको. स्पॅड आणि ड्युटीचे तास या दोन विषयांपुरती तरी मोटरमनांच्या प्रतिनिधींना बैठकीत खुर्ची द्या, मान्यता असो वा नसो. पुढच्या वेळापत्रकाबरोबर एक ओळ छापा : या फेऱ्यांसाठी मोटरमन किती लागतात आणि आज किती आहेत. लाल सिग्नलला गाडी आपोआप थांबवणारी कवच यंत्रणा येईल तेव्हा येईल. तोवर आमचं कवच तो भिंतीपलीकडचा माणूसच आहे.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागेल हे मला कळतं, सरकारी कागद मीही हाताळले आहेत. म्हणून एक काम मात्र लगेच करा. यापुढे मोटरमन नाही म्हणून गाडी रद्द झाली, तर उद्घोषणेत ‘काही तांत्रिक कारणामुळे’ म्हणू नका. ‘मोटरमन उपलब्ध नसल्यामुळे’ असं स्वच्छ मराठीत सांगा, आणि त्या विभागात किती जागा रिकाम्या आहेत तो आकडा त्याच दमात सांगा. फलाटावरचे लोक समजून घेतील असं आश्वासन मी देत नाही. शिव्या मात्र बरोबर पत्त्यावर जातील.

आपला,
डोंबिवलीचा एक पासधारक